रस्त्यावरचं मेलेलं जनावर (कोल्हापूर)

गाडीखाली येऊन, आजारानं किंवा असंच म्हातारपणानं रस्त्यावर मरून पडलेलं जनावर उचलायचं आणि त्याची नीट विल्हेवाट लावायची, हे नागरी सेवेतलं एक काम. कुत्रं, मांजर, डुक्कर, घूस, साप, गाय, म्हैस, कधी वानर, जंगलाकडच्या रस्त्याला गवा, असं काहीही यात येतं. कोल्हापुरात असलं काही दिसलं की 'कसं उचलायचं' हा प्रश्न नंतर येतो, त्याआधी 'हद्द कुणाची?' हे विचारतात.

शहरात हे काम महापालिकेच्या आरोग्य विभागाचं. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालयं आहेत, त्यातल्या आपल्या भागाच्या ऑफिसला फोन करायचा, किंवा सकाळी झाडायला येणाऱ्या कामगाराला सांगितलं तरी निरोप मुकादमाकडून वर जातो. घंटागाडीत मात्र टाकायचं नसतं. बरेच लोक पोत्यात भरून गुपचूप ओल्या कचऱ्यात सरकवतात, आणि मग तो कचरा हातानं वेगळा करणाऱ्या बाईच्या पुढ्यात ते पोतं फुटतं.

आता हद्दीचं. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली आणि हद्दवाढीचा वाद तेव्हापासून दशकानुदशकं चाललाय. शहर मात्र थांबलेलं नाही, पाचगाव, कळंबा, उचगाव, शिंगणापूर असं सगळीकडं पसरलंय, घराला घर लागलंय, पालिका कुठं संपली आणि ग्रामपंचायत कुठं सुरू झाली हे नव्या माणसाला कळत पण नाही. मेलेल्या कुत्र्याला तर त्याहून नाही. पालिका म्हणणार ते ग्रामपंचायतीत, ग्रामपंचायतीकडं यासाठी वेगळी गाडी नाही, मग भाड्याचा ट्रॅक्टर नाहीतर जेसीबी बघायचा, तोवर उन्हात जनावर टम्म फुगलेलं असतं. रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम विभागाचा हा घोळ वेगळाच.

पुणे-बंगळूर हायवेवर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात काही पडलेलं दिसलं तर १०३३ ला फोन लावायचा, तो महामार्ग प्राधिकरणाचा हेल्पलाइन नंबर आहे आणि पेट्रोलिंगची गाडी पाठवतात. इथं उशीर महागात पडतो, कारण रात्री पुढचा गाडीवाला ते चुकवायला स्टेअरिंग फिरवतो आणि दुसरा अपघात तिथंच होतो. शिवाय मढं खायला कुत्री, कावळे, घारी रस्त्यावर उतरतात आणि तीपण चिरडतात. एकाची तीन होतात.

पाळीव जनावर असेल तर आधी कान बघायचा. पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असतो, त्यावरून मालक सापडू शकतो. विमा असेल तर पंचनामा आणि पशुवैद्यकाचं पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय क्लेम मिळत नाही, म्हणून घाईनं उचलून पुरलं तर मालकाचंच नुकसान. दुधावर चालणाऱ्या घरात म्हैस मरणं म्हणजे कमावतं माणूस गेल्यासारखंच असतंय, हे शहरातल्या लोकांना सांगून कळत नाही.

वन्यप्राण्याला तर हातच लावू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार संरक्षित प्राणी मेला तरी तो सरकारचा, त्याचं कातडं, शिंग, नख घरी नेलं तर गुन्हा. वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे. राधानगरी अभयारण्य १९५८ चं, गव्यांसाठीच प्रसिद्ध, आणि २०२१ च्या डिसेंबरात तर गवा पार शहराच्या वेशीपर्यंत आलेला. पावसाळ्यात दाजीपूर, आंबोलीकडं जाताना बेडूक आणि साप किती चिरडतात ते कुणी मोजत नाही, तेवढ्यासाठी फोन पण कुणी करत नाही.

पुरताना खड्डा किमान सहा फूट, वर-खाली चुना, आणि विहीर, ओढ्यापासून लांब. अचानक मेलेलं, नाकातोंडातून काळपट रक्त आलेलं जनावर फाडायचं नाही, तो काळपुळीचा (अँथ्रॅक्स) रोग असू शकतो आणि त्याचे जंतू मातीत कित्येक वर्षं टिकतात. मेलेला उंदीरसुद्धा शेपटीला धरून उचलू नये, त्याच्या पिसवा गार अंग सोडून माणसाकडं येतात, प्लेगच्या काळात घरात उंदीर पडला की लोक घर सोडून माळावर जायचे ते उगाच नाही. २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३), आणि पाणी उतरल्यावर शिरोळ, करवीरच्या गावांत मेलेली जनावरं पुरणं हे पहिल्या कामांतलं एक होतं.

पण हे सगळं उचलायचं कुणी? पूर्वी गावात याचं उत्तर ठरलेलं होतं, म्हणजे लादलेलं होतं. मेलेलं ढोर ओढायचं काम महारांवर, कातडं कमावायचं ढोर जातीवर, पायताण करायचं चांभारांवर. शाहू महाराजांनी १९१८ ला कोल्हापूर संस्थानात महार वतनं (जमिनीच्या बदल्यात पिढीजात गावकीची कामं) बंद केली, आणि मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, त्यानंतर गावोगाव लोकांनी ढोरं ओढायचं सोडलं आणि त्यासाठी बहिष्कार पण सोसले. आज कामाच्या यादीत जात लिहिलेली नसते, ठेकेदाराचं नाव असतं. उचलायला कोण येतं ते बघितलं की कळतंय. हातमोजे असतातच असं नाही.

गंमत म्हणजे कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, आणि तिचं कातडं बाभळीची साल, हिरडा घालून कमावणाऱ्या हातांना मात्र गाव पिढ्यान्‌पिढ्या शिवत नव्हतं. गावाबाहेर मेलेली जनावरं सोलायच्या जागेवर, ढोरफोडीवर, उरलेलं गिधाडं साफ करायची. जनावरांना देतात त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं, ते मढ्यातून पोटात जाऊन, ती जवळपास संपली, २००६ ला ते औषध बंद झालं तेव्हा उशीर झालेला. त्या जागी आता भटकी कुत्री आहेत.

लोकांची आपली एक पद्धत अजून आहे. नाग मेलेला दिसला तर काही ठिकाणी तोंडात पैसा घालून दहन करतात, वानर असेल तर वर्गणी काढून अंत्ययात्रा निघते, कुत्र्यामांजराच्या वाटणीला एक फांदी येते, मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून. सकाळी जनावर उचलून नेतात. फांदी तिथंच राहते आणि दूधवाला तिच्यावर घसरतो.