दर तोच, मग बाजार का हलला?

पतधोरण जाहीर होतं, रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे पैसे देते तो) 'जैसे थे' राहतो, तरी रोखे बाजार, म्हणजे कर्जाच्या कागदांची खरेदी-विक्री होते तो बाजार, ढवळून निघतो. काही केलंच नाही, तर एवढी धावपळ कसली, असं अनेकांना वाटतं.

मध्यवर्ती बँकेची थेट पकड असते ती अगदी अल्पमुदतीच्या दरावर. बँका एकमेकींना रात्रभरासाठी पैसे देतात त्या दरावर. कर्जं मात्र वर्षानुवर्षांची असतात. त्यांचा दर ठरतो पुढच्या सगळ्या रात्रींचे दर काय असतील या अंदाजावर. समजा, आजचा दर 6 टक्के आहे आणि तो दोन वर्षं तसाच राहील असं सगळ्यांना वाटतंय. मग दोन वर्षांच्या रोख्याचा परतावाही साधारण 6 टक्के. आता गव्हर्नर महागाईबद्दल जरा कडक बोलले आणि दुसऱ्या वर्षी दर 8 होईल असं बाजाराला वाटलं, तर सरासरी 7 झाली! परतावा चढला, म्हणजेच रोख्याची किंमत पडली; त्यावर मिळणारी रक्कम ठरलेली असते, म्हणून तो स्वस्तात मिळाला तरच परतावा जास्त पडतो. (लांब मुदतीच्या जोखमीसाठी गुंतवणूकदार थोडं जास्त मागतात, तो अधिभार वेगळा, तो इथे सोडून देऊ.) आजचा दर जागचा हललेला नाही, कर्ज मात्र महागलं.

अर्थात प्रत्येक शब्दाला एवढं वजन नसतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडचे, अध्यक्ष असताना ॲलन ग्रीनस्पॅन यांची ब्रीफकेस किती फुगलीय यावरून लोक दराचं भाकीत करत. पत्रकातल्या एका विशेषणावर तासभर चर्चा झोडणारे वाहिन्यांवरचे तज्ज्ञ त्याच पंथाचे.

उदयोन्मुख देशांची पंचाईत अशी की, तिथे परक्याचे शब्दही लागू पडतात. 22 मे 2013 रोजी फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी फेडची रोखेखरेदी पुढे कमी होऊ शकते, एवढंच सूचित केलं. या खरेदीतल्या कपातीची घोषणा डिसेंबरात झाली, पण त्याआधीच, ऑगस्टमध्ये, डॉलर 68 रुपयांच्या वर गेला होता. ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका यांचीही चलनं घसरली.

शिवाय बोलणाऱ्याची पत लागते. तुर्कस्तानात मार्च 2021मध्ये दर 19 टक्क्यांवर नेणाऱ्या गव्हर्नरला दोन दिवसांत घरी पाठवलं गेलं. व्याज वाढलं की महागाई वाढते, असा राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांचा उलटा सिद्धांत. त्याच वर्षी सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत दर 14 टक्क्यांवर आणला गेला. पण महागाई आवरली जाईल यावर बाजाराचा विश्वास उरला नव्हता, म्हणून दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा परतावा उतरायच्या ऐवजी चढला, लिरा कोसळला आणि ऑक्टोबर 2022मध्ये महागाई 85 टक्क्यांवर पोचली.