टेलिफोनवाल्याने घडवलेला ऑर्गन

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला आठवतो: पायाने भाता मारायचा, आत पितळी पट्ट्या थरथरायच्या. अमेरिकेत मूकपटांच्या काळी मोठ्या चित्रपटगृहांत वाजायचा तो ऑर्गन निराळा. त्यात शेकडो पाइप असत. काही बासरीच्या जातीचे, काहींत पितळी जिभळी. खर्जाचा एखादा पाइप तर जवळपास 5 मीटर उंच!

रॉबर्ट होप-जोन्स हा मूळचा इंग्लंडमधला टेलिफोन कंपनीतला वीजतज्ज्ञ. चर्चमधल्या जुन्या ऑर्गनमध्ये बोटाखालची पट्टी लाकडी दांड्यांनी थेट पाइपच्या झडपेला जोडलेली असे, त्यामुळे वादकाला पाइपांना चिकटूनच बसावं लागे. विजेचे प्रयोग इतरांनीही केले होते, पण होप-जोन्सने त्या कल्पनेचा पार कायापालट केला. पट्टी दाबली की तारेतून वीज जाते, विद्युतचुंबक हवेची छोटी वाट मोकळी करतो आणि झडप उघडते. आता वादक पडद्यासमोर, पाइप भिंतीमागच्या खोल्यांत.

एकदा दांड्या गेल्या, की एकच पाइप अनेक बटणांना जोडता येतो. ही खरी कमाल. 61 पट्ट्यांसाठी एकच नाद चार सप्तकांच्या उंचीवर हवा असेल, तर एरवी 244 पाइप लागतील. पण या चार ओळींतले बरेच सूर सामाईक असतात. म्हणून मूळ 61 आणि वरच्या तीन सप्तकांसाठी बारा-बारा, असे 97 पाइप पुरतात. शिवाय हवेचा दाब चर्चपेक्षा बराच जास्त, आणि तोच सेकंदाला काही वेळा हलवून आवाजाला गळ्यासारखा कंप दिलेला. ढोल, झांजा, घंटा खऱ्याखुऱ्या. हवेच्या जोरावर वाजणाऱ्या. पाखराच्या शिट्टीसाठी पाइपचं तोंड पाण्यात बुडवलेलं असे.

1910 मध्ये वुर्लिट्झर कंपनीने होप-जोन्सचा कारखाना घेतला आणि पुढे दोन हजारांहून अधिक ऑर्गन बनवले. तो स्वतः 1914 मध्येच गेला. 1920 नंतरची भव्य चित्रपटगृहं त्याला पाहायला मिळाली नाहीत, याची मला फार हळहळ वाटते.

1927 नंतर बोलपट पसरले आणि वादकांची गरज झपाट्याने सरली. तरी 1932 मध्ये उघडलेल्या न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये पाइपांच्या 58 ओळींचा वुर्लिट्झर बसलाच. नाताळच्या खेळांना तो आजही वाजतो.