सिंगलेट नायट्रीनमध्ये रिकामं ऑर्बिटल शोधू नका

कार्बीन (दोनच गटांना जोडलेला, बंधाबाहेर दोन इलेक्ट्रॉन असलेला कार्बन) तुम्हाला येतो असं धरून चालतो. सिंगलेटमध्ये (स्पिन विरुद्ध) जोडी एका ऑर्बिटलमध्ये आणि पी ऑर्बिटल रिकामं, ट्रिपलेटमध्ये (स्पिन समांतर) दोन्हींत एकेक इलेक्ट्रॉन. घोळ पुढच्या वाक्यात होतो: 'नायट्रीनचंही तसंच, फक्त कार्बनच्या जागी नायट्रोजन.' मग फेनिलनायट्रीनच्या (बेंझीन वलयाला जोडलेला, दुसरा शेजारी नसलेला नायट्रोजन) नायट्रोजनवर दोन जोड्या आणि एक रिकामं ऑर्बिटल काढलं जातं. हे चित्र चूक आहे.

कार्बीनमधला कार्बन दोन गटांना जोडलेला आणि वाकलेला असतो. त्यामुळे एका ऑर्बिटलला एस-गुण (केंद्रकाजवळच्या एस ऑर्बिटलचा वाटा) मिळतो, त्याची ऊर्जा उतरते आणि दोन्ही इलेक्ट्रॉनांना तिथे एकत्र राहणं परवडतं. नायट्रोजनला मात्र शेजारी एकच. बंधातून उरलेला एस-गुण त्याची कायमची जोडी घेऊन बसते आणि बाकीच्या दोन इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला येतात दोन निव्वळ पी. साध्या नायट्रीनमध्ये, म्हणजे एनएचमध्ये, त्या दोन्हींची ऊर्जा तंतोतंत सारखी. जोडी करून काहीच हाती लागत नाही. म्हणून सिंगलेट ट्रिपलेटच्या वर मेथिलीनमध्ये मोलमागे सुमारे 9 किलोकॅलरी असतो, तर एनएचमध्ये सुमारे 36.

फेनिलनायट्रीनमध्ये एक पी वलयाच्या प्रतलात असतं, दुसरं वलयाच्या पाय-प्रणालीत मिसळतं. सर्वांत खालच्या सिंगलेटमध्येही इलेक्ट्रॉन वेगवेगळेच राहतात: एक नायट्रोजनवर, दुसरा वलयाच्या ऑर्थो-पॅरा (नायट्रोजन जोडलेल्या कार्बनच्या शेजारच्या आणि समोरच्या) कार्बनांवर पसरलेला, फक्त स्पिन विरुद्ध. हा ओपन-शेल सिंगलेट. दोघं एकमेकांपासून लांब राहिल्यानेच ट्रिपलेटपासूनचं अंतर 18 किलोकॅलरीच्या आसपास उतरतं. जोडीवाला सिंगलेट यापेक्षाही बराच वर असतो.

फ्लास्कमध्ये जे घडतं ते यातूनच. ऑर्थो कार्बनवरचा इलेक्ट्रॉन नायट्रोजनवरच्याशी जुळतो, बेंझअझिरीन बनतं, ते उघडून सात सदस्यांचं केटेनिमीन होतं. अडथळा जेमतेम 5 ते 6 किलोकॅलरी, त्यामुळे खोलीच्या तापमानाला हा सिंगलेट साधारण एक नॅनोसेकंदच टिकतो. फेनिल अझाइडवर (प्रकाशात नायट्रोजन वायू सोडून फेनिलनायट्रीन देणारं संयुग) डायएथिलअमीनमध्ये प्रकाश टाकून एन-एच इन्सर्शनची (नायट्रीन अमीनच्या एन-एच बंधात शिरण्याची) वाट पाहणाऱ्याला 2-डायएथिलअमिनो-3एच-अझेपीन मिळतं ते याचमुळे. अडकवायला अमीन नसेल तर डांबरासारखा चिकटा उरतो. तापमान साधारण 170 केल्विनच्या खाली नेलं तर वलय वाढण्याचा वेग मंदावतो, ट्रिपलेटकडे जाणं पुढे सरतं आणि अझोबेंझीन दिसू लागतं.

इन्सर्शनच हवं असेल तर दोन्ही ऑर्थो जागी फ्लोरीन लावा. एकच लावून भागत नाही, कारण नायट्रोजन मोकळ्या ऑर्थोकडे वळतो. प्रथिनांना खूण लावण्यासाठी परफ्लोरोफेनिल अझाइड वापरतात त्याचं कारण हेच.

नायट्रेनियमचं (नायट्रोजनवर धन प्रभार असलेल्या आयनाचं) थोडक्यात: त्याच सिंगलेटला प्रोटॉन दिला की नायट्रोजनला दोन शेजारी मिळतात, एका ऑर्बिटलला पुन्हा एस-गुण येतो आणि दुसरं पी खरोखर रिकामं होतं. फेनिलनायट्रेनियमची मूळ अवस्था सिंगलेटच आहे. रिकामं ऑर्बिटल काढायचंच असेल तर इथे काढा.

आणि कर्टियस पुनर्रचनेच्या (असिल अझाइडपासून आयसोसायनेट बनण्याच्या) यंत्रणेत मोकळा असिलनायट्रीन काढणं कृपा करून थांबवा. उष्णतेने होणाऱ्या कर्टियसमध्ये नायट्रोजन वायू निघणं आणि गटाचं स्थलांतर एकाच टप्प्यात होतं; तिथे नायट्रीन नसतोच.