प्रवाळाच्या टाकीचे नियम कुठून आले

खाऱ्या पाण्यात प्रवाळ पाळायचं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात सल्ल्यांचा मारा सुरू होतो. नळाचं पाणी वापरू नका. महिना-दीड महिना मासा आणू नका. स्किमर, म्हणजे फेसाने मळ काढणारं यंत्र, घ्याच. टाकीतल्या घाणीतून साठणारं नायट्रेट शून्यावर आणा. तेवढ्यात दुसरा कुणी सांगतो, शून्यावर मुळीच आणू नका. नवशिक्याला वाटतं, या लोकांचं आपसातच जमत नाही. खरं तर हे सल्ले वेगवेगळ्या दशकांतले आहेत, आणि प्रत्येक सल्ला त्या त्या वेळी हाताशी असलेल्या सामानाला धरून दिलेला आहे.

सुरुवात बरीच जुनी आहे. 1846 मध्ये अ‍ॅना थिन यांनी इंग्लंडच्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही कठीण प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं जाई. हे कष्ट अर्थातच घरातल्या मोलकरणीच्या वाट्याला आले. पुढे थिन यांनी पाण्यात समुद्री वनस्पती सोडल्या आणि जवळजवळ तीन वर्षं ते जग टिकवून दाखवलं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि घरोघरी काचेच्या टाक्या ठेवण्याची लाट आली. ती फार टिकली नाही.

अडचण पाण्याची होती. समुद्रापासून लांब राहणाऱ्याने काय करायचं? फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने चार क्षारांपासून समुद्राचं पाणी बनवण्याची कृती दिली, पण त्यात कॅल्शियमचा क्षार वगळलेला होता. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्यामुळे त्या पाण्यात तो किती वाढला असता हे सांगायला नको. भक्कम आधार मिळाला तो 1884 मध्ये. ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरातून आणलेले समुद्रपाण्याचे 77 नमुने रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले. खारटपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळपास सारखंच, असं त्यांना आढळलं. पिशवीतलं तयार मीठ विकता येतं ते याच जोरावर. असं मीठ 1960 च्या दशकात बाजारात रुळलं. लोखंडी चौकट गंजून पाण्यात उतरायची, तिच्या जागी सिलिकॉनने चिकटवलेल्या काचा आल्या त्याही याच सुमारास.

हे मीठ शुद्ध पाणी गृहीत धरून बनवलेलं असतं, आणि आरओच्या, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या पाण्याचा आग्रह त्यातूनच आला. नळाच्या पाण्यातून फॉस्फेट, नायट्रेट, सिलिकेट टाकीत आलं की शैवाल माजतं, आणि तांब्याचा अंश आला तर मासे एकवेळ तरतील, कोळंबी आणि प्रवाळ नाही. खारटपणा हजारात 35 भाग ठेवा, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण 1.026, हा आकडाही समुद्राचाच आहे, कुणा दुकानदाराचा नाही.

आता माझ्या मते या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित माणूस. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून नुकतेच काढलेले, जीवजंतूंनी भरलेले खडक, समुद्राचीच वाळू, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे. फिल्टर नाही. आजच्या कुठल्याही चांगल्या टाकीचा गाभा हाच आहे. तरी बाहेर पुढची कित्येक वर्षं ही पद्धत फारशी रुजली नाही. त्यांचा समुद्र जवळ होता. दूरदेशी खडक पोचेपर्यंत त्यांवरचे निम्मे जीव मेलेले असत आणि टाकीत ते सडले की विषारी अमोनिया चढे. एंग चुकले नव्हते. ते जिथे होते तिथे बरोबर होते.

त्यामुळे राज्य राहिलं ते खडीतून पाणी ओढणाऱ्या, खडीखालच्या फिल्टरचं. माशांना ते चालून जाई, प्रवाळ मरत. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी 1890 च्या सुमारास वेगळे काढले होते, पण टाकीवाल्यांना हे गणित नीट उलगडून सांगितलं स्टीफन स्पॉट यांनी 1970 च्या पुस्तकात. हे जिवाणू सावकाश वाढतात, त्यांना घाई करता येत नाही. महिना-दीड महिना थांबायचं ते याचसाठी.

दरम्यान उजेडाचं कोडंही सुटत होतं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं, पण ते यजमानाला खायला घालतं का, यावर वाद होता. ग्रेट बॅरियर रीफवरच्या 1928-29 च्या मोहिमेचे प्रमुख मॉरिस योंग यांचं मत होतं की प्रवाळ मांसाहारीच. 1958 मध्ये मस्कटाइन आणि हँड या संशोधकांनी किरणोत्सारी कार्बन वापरून शैवालाचं अन्न प्रवाळाच्या नात्यातल्या समुद्रफुलाच्या शरीरात जाताना दाखवलं, पुढे प्रवाळातही ते दिसलं. मंद ट्यूबलाइटखाली प्रवाळ महिनोन्महिने झिजत का जातात, ते तेव्हा उमगलं.

हे सगळे धागे एकत्र विणले जर्मन भाषकांनी. 1973 च्या पुस्तकात पीटर विल्केन्स यांनी टाकीत चुन्याची निवळी घालायला सांगितलं, म्हणजे कॅल्शियम आणि क्षारता (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) दोन्ही एकदम भरून निघतात. बर्लिनमधल्या मंडळींनी जिवंत खडक (एंग वापरत तसे जीवजंतूंनी भरलेले), प्रखर मेटल हॅलाइड दिवे आणि जोरकस स्किमर यांची सांगड घातली. स्किमर फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढतो, तो कुजून अमोनिया व्हायच्या आत. तिथल्याच डीट्रिच श्ट्युबर यांनी वाढवलेल्या अ‍ॅक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या कठीण प्रवाळाचे तुकडे हातोहात जगभर पसरले. प्रवाळ समुद्रातून न तोडता टाकीतच वाढवायचा, ही सवय तिथून लागली.

अमेरिकेत मात्र 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी डच पद्धतीचा ठिबकणारा फिल्टर गाजवला. प्लॅस्टिकचे गोळे, त्यांवरून झिरपणारं पाणी. अमोनिया झटपट जायचा आणि तितक्याच झटपट नायट्रेट साठायचं. ‘गोळे काढून टाका’ हा सल्ला आजही ऐकू येतो तो त्या पिढीचा. हा फिल्टर आयुष्यात न पाहिलेली माणसंही तो देतात!

यानंतरचा बदल कायद्याचा. फिलिपिन्सने 1977 मध्ये प्रवाळांच्या निर्यातीवर बंदी आणली. 1990 पासून सगळे कठीण प्रवाळ साइट्स या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि समुद्री खडकांच्या व्यापारालाही परवाने लागू लागले. जिवंत खडक महागला, दुर्मीळ झाला. त्याच्या जागी कोरडा किंवा कारखान्यात घडवलेला खडक आणि बाटलीतले जिवाणू आले. कीड येत नाही, रीफ ओरबाडली जात नाही, हे चांगलंच. पण एंग ज्या गोतावळ्यावर विसंबून होते, तो या खडकात नसतो.

जुने सल्ले अडखळतात ते नेमके इथे. जिवंत खडकाच्या टाकीत नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणणं शहाणपणाचं होतं, कारण मोकळी जागा घ्यायला तिथे शेकडो जीव तयार असत. कोरड्या खडकाची टाकी तितकी स्वच्छ केली की अनेकदा डायनोफ्लॅजेलेट्स हे एकपेशीय सूक्ष्मजीव माजतात, तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेली साय सगळीकडे पसरते आणि गोगलगायीसुद्धा मरतात. म्हणून आता अनुभवी माणसं थोडं नायट्रेट आणि फॉस्फेट राखायला सांगतात, आणि वेळ पडली तर बाटलीतून ते मोजून टाकीत घालतात.