सिडको (नवीन नाशिक) : लोकवस्तीची घडण

नाशिक महानगरपालिकेच्या सहा विभागांपैकी एक. शहराच्या नैर्ऋत्येला, मुंबई–आग्रा महामार्ग आणि अंबड औद्योगिक वसाहत यांच्या मधोमध हा दाट वस्तीचा भाग पसरला आहे. पालिकेच्या कागदोपत्री याचे नाव ‘नवीन नाशिक’. रिक्षावाल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत बाकी सगळीकडे ‘सिडको’. शहर व औद्योगिक विकास महामंडळ (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘सिडको’; स्थापना १७ मार्च १९७०) नवी मुंबई वसवण्यासाठी निघाले आणि पुढे नाशिक, औरंगाबाद, नांदेड या शहरांतही त्याने घरे बांधली. घरे बांधणाऱ्याचेच नाव वस्तीला चिकटले. जुन्या नाशिकमध्ये तांबट लेन, कुंभारवाडा, कोकणीपुरा ही नावे तिथे पूर्वी कोण राहत होते ते सांगतात. सिडकोत पहिली योजना, दुसरी योजना असे सहाव्या योजनेपर्यंतचे आकडे आहेत, आणि पवननगर, उत्तमनगर, सावतानगर, तोरणानगर, त्रिमूर्ती चौक अशी नवी नावे. त्यांवरून रहिवाशांची जात किंवा धंदा कळत नाही. इथे माणसाची ओळख ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाने होते आणि उत्तरात तालुका येतो.

वस्ती येण्याआधी इथे मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे, अंबड या गावांची शेते होती. काही जमीन सिडकोसाठी गेली, काही कारखान्यांसाठी. गावठाणे तेवढी राहिली. बैठ्या ओळीघरांच्या मधोमध अचानक अरुंद बोळ, मारुतीचे देऊळ आणि जुना पार लागला की गावठाणात शिरलो हे ओळखावे. उंटवाडीचा म्हसोबा आणि त्याचा जुना वड ही त्या काळाची सर्वांत ठळक खूण आहे. मूळ गावकरी आज संख्येने थोडे आहेत, पण उरलेल्या जमिनीवर त्यांनी भाड्याच्या खोल्या आणि चाळी उभ्या केल्या. नव्याने आलेल्या कामगाराला पहिला निवारा बहुधा तिथेच मिळतो. सिडकोच्या लोकसंख्येचा विचार करताना या गावकऱ्यांना वगळण्याची चूक नेहमी होते. जमीन त्यांची गेली, आणि पुढे आलेल्या प्रत्येक लाटेला घरमालकही तेच भेटले.

सातपूरची औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकात सुरू झाली, त्यानंतर अंबडची. मोटारींचे भाग, विजेची उपकरणे, टायर आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने यांना माणसे हवी होती. ती मुख्यतः एकाच दिशेने आली. आग्रा रोडने उत्तरेला निघाले की आधी मालेगाव लागते, मग धुळे. तिथून एक फाटा जळगावकडे जातो, दुसरा नंदुरबारकडे. धुळ्याहून सकाळची एसटी धरली की दुपारपर्यंत माणूस नाशकात. खानदेशातली कोरडवाहू शेती भावाभावांच्या वाटण्यांत तुकडे होत चालली होती. धुळे, जळगाव, अमळनेर इथल्या कापडगिरण्या बंद पडत गेल्या. पुणे-मुंबईपेक्षा नाशिक जवळ होते, आणि सणाला गावी जाऊन दुसऱ्या दिवशी कामावर परतता येत होते. त्यामुळे खानदेश आणि ‘कसमादे’, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हे तालुके, सिडकोच्या लोकवस्तीचा कणा ठरले.

येण्याची रीत साखळीची होती. आधी एक काका किंवा मामा कंपनीत लागतो. दहावी झालेला पुतण्या त्याच्याकडे राहून त्र्यंबक रोडच्या आयटीआयला जातो, अप्रेंटिस होतो, मग स्वतःची खोली घेतो आणि धाकट्या भावाला बोलावतो. असे करत एका गावची दहा-पंधरा घरे एकाच योजनेत, कधी एकाच गल्लीत येतात. एका जातीची गल्ली मात्र झाली नाही, कारण घरांचे वाटप उत्पन्नगटाप्रमाणे आणि अर्जांप्रमाणे झाले. मराठा, माळी, लेवा पाटील, वाणी, शिंपी, तेली, बौद्ध अशी कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात. जातीचा धागा तुटलेला नाही. समाजमंडळे, वधू-वर मेळावे, सभागृहे यांतून तो टिकून आहे. पण जात गल्लीबाहेर सांभाळली जाते, आणि गल्लीत शेजार. नाशिकच्या इतिहासात ही गोष्ट नवी होती आणि महत्त्वाची आहे.

या वस्तीची शिरगणती कान लावून करायची तर ती अहिराणीवरून, म्हणजे खानदेशच्या बोलीवरून. पवननगरच्या भाजीबाजारात ‘कथा चालना, भाऊ?’ (कुठे चाललास, भाऊ?) हे सहज ऐकू येते. आप्पा, नाना, बापू, आबा ही संबोधने वयाचा आणि मानाचा हिशेब ठेवतात. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषा देशभरात सुमारे १८.६ लाख लोकांनी सांगितली, त्यांत बहुतांश अहिराणी. पण मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी लागते. आजी अहिराणीत बोलते, आई दोन्हींत, नातू फक्त मराठीत उत्तर देतो, हे सिडकोतल्या असंख्य घरांतले दृश्य आहे. भाषा मागे पडली तरी स्वयंपाक आणि सण मागे पडले नाहीत. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, खापरावरचे मांडे यांची दुकाने चौकाचौकात दिसतात. अक्षय्य तृतीया इथे ‘आखाजी’ असते.

श्रावणात कानबाई ही खानदेशची देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची स्थापना होते, रात्री जागरण, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. तिच्या रोटासाठी घरातल्या माणसांच्या हिशेबाने मूठमूठ गहू मोजून घेतात आणि तो प्रसाद भाऊबंदांतच वाटला जातो. म्हणून गावाकडचे आणि शहरातले भाऊ त्या दिवशी एका घरात जमतात. कुटुंबात कोण आहे आणि कोण वेगळा झाला, याची ही दरवर्षीची मोजणी कुठल्याही सरकारी तक्त्यापेक्षा काटेकोर असते.

बाकीचे गट थोडक्यात सांगता येतील. संगमनेर-अकोले, मराठवाडा आणि विदर्भ इथून आलेली कुटुंबे सर्व योजनांत विखुरलेली आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतले कोकणा, महादेव कोळी, वारली मजूर बांधकामांवर येतात. त्यांपैकी पुष्कळजण हंगामी असल्याने मोजणीत निसटतात. बौद्धांची वस्ती लक्षणीय आहे, आणि जवळची त्रिरश्मी लेणी (पांडवलेणी) व तिथले बुद्धस्मारक हे त्यांचे मोठे श्रद्धास्थान आहे. जुन्या नाशिकच्या मानाने मुस्लिम वस्ती विरळ आहे. उत्तर प्रदेश आणि बिहारचे कामगार अंबड–सातपूर लिंक रोड आणि चुंचाळे परिसरात अधिक आहेत. छठपूजेला त्यांची गर्दी गोदाकाठी दिसते.

या परप्रांतीय कामगारांचे प्रमाण वाढले ते नोकरीचे स्वरूप बदलल्यावर. पहिल्या पिढीचा कामगार ‘पर्मनंट’ होता. त्याला बोनस, कँटीन, फंड आणि घराच्या हप्त्यासाठी कर्ज मिळे. त्याच्या जोरावर त्याने सिडकोचे घर घेतले. पुढे भरती ठेकेदारामार्फत होऊ लागली. ठेक्यावरच्या हेल्परला घर घेणे परवडत नाही, तो चार-सहा जणांत खोली करून राहतो आणि कुटुंब गावीच ठेवतो. नाशिक शहरात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रिया नऊशेहून किंचित कमी होत्या. त्यामागे एकट्याने आलेल्या पुरुषांचा वाटा मोठा आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हा थर एकदम उघड्यावर आला. मुंबईहून निघालेले पायी जथे सिडकोच्या कडेने महामार्गाने जात होते, आणि १ मे २०२० रोजी नाशिक रोडहून भोपाळला श्रमिक विशेष गाडी सुटली.

घरांकडे पाहूनही पिढ्या मोजता येतात. तळमजला सिडकोने दिलेला, एक-दोन खोल्यांचा. मुलांची लग्ने झाली तेव्हा त्यावर पहिला मजला चढला. आता मुलगा पुण्याला आयटीत किंवा चाकणला, खाली निवृत्त आई-वडील आणि वर भाडेकरू, अशी रचना जुन्या योजनांत वारंवार दिसते. कामगारांची तरुण वस्ती म्हणून वसलेला हा भाग त्यामुळे सावकाश वृद्ध होतो आहे. सकाळी उद्यानांतली बाके निवृत्त कामगारांनी भरलेली असतात. अनेकांना अजून शिफ्टच्या वेळेलाच जाग येते. त्यांच्या हाती येणारे निवृत्तिवेतन तुटपुंजे आहे, आणि वरच्या मजल्याचे भाडे हाच अनेक घरांचा खरा आधार आहे.

संपूर्ण नाशिक महानगरपालिकेची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ६.५७ लाख होती. ती २००१ मध्ये १०.७७ लाख आणि २०११ मध्ये १४.८६ लाख झाली. या वाढीचा मोठा भाग सिडको, सातपूर आणि त्यांच्या भोवतालच्या शिवारांनी सामावून घेतला. जनगणना प्रभागवार लोकसंख्या, साक्षरता, अनुसूचित जाती-जमाती आणि काम करणाऱ्यांची संख्या देते. भाषा आणि स्थलांतराचे तक्ते त्याहून मोठ्या क्षेत्रांचे असतात, म्हणून सिडकोपुरते आकडे त्यांतून वेगळे काढता येत नाहीत. २०२१ ची गणना लांबली, आणि पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे.

स्थलांतरित कोण, हे जनगणना जन्मस्थानावरून आणि आधीच्या राहत्या ठिकाणावरून ठरवते. खानदेशी रिवाजाप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी होते. त्यामुळे सिडकोत वाढलेल्या दोन सख्ख्या भावंडांपैकी शिरपूरला जन्मलेले थोरले जन्मस्थानानुसार स्थलांतरित ठरते आणि नाशिकच्या दवाखान्यात जन्मलेले धाकटे स्थानिक. दोघे एकाच शाळेत जातात, आणि आखाजीला एकाच एसटीने आजोळी.