निळं जॅकेट आणि 'तसा कायदाच हाय'

रंकाळ्यावर पत्रकारिता शिकणारी पोरं भेटली की हमखास म्हणतात, "प्रेसचं निळं जॅकेट घातलं की युद्धात कोण हात लावत न्हाई, तसा कायदाच हाय." नाही रे बाळांनो. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे पुरवणी कराराचं, ७९वं कलम बातमीदाराला सामान्य नागरिकाइतकंच संरक्षण देतं, त्याहून जास्त काही नाही. आणि जॅकेट? रायफलीची गोळी अडवायची तर आत जड प्लेट हवी. मान, चेहरा तरीही उघडाच. अल जझीरा वाहिनीच्या बातमीदार शिरीन अबू अक्लेह यांना पंचवीस वर्षांचा अनुभव होता. ११ मे २०२२ ला पॅलेस्टाईनमधल्या जेनिनमध्ये त्या जॅकेट, हेल्मेट दोन्ही घालून होत्या. गोळी डोक्यात लागली. बातमीदारांसोबतच्या स्थानिक दुभाष्याकडे तर कित्येकदा जॅकेटही नसतं.