मतपत्रिकेच्या तळाशी असलेले पद: अमेरिकेतील काउंटी रेकॉर्डर

आपल्याकडे खरेदीखत नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे जायचे, आणि तो अधिकारी सरकारने नेमलेला असतो. त्या खुर्चीसाठी कोणी प्रचार करील, घरोघरी मते मागेल, हे आपल्या मनातही येत नाही. अमेरिकेत मात्र अनेक राज्यांत हे पद निवडणुकीने भरतात. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. कुठे या पदाला काउंटी रेकॉर्डर म्हणतात, कुठे रजिस्टर ऑफ डीड्स. मतपत्रिकेवर ते इतके खाली असते की तिथले नागरिकत्व घेतलेल्या मराठी घरांतही, आपल्या घराचे खत सांभाळणारा माणूस आपणच निवडतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

नोंदणी या निवडणुकीहून जुनी. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६४० मध्ये कायदा केला तो एकच जमीन दोघांना विकली जाऊ नये म्हणून: व्यवहार इतरांवर बंधनकारक हवा, तर तो सर्वांना पाहता येईल अशा वहीत चढलाच पाहिजे. मालक कोण, हे कार्यालय ठरवत नाही. फक्त दस्त नोंदवून जपते. भारताच्या १९०८ च्या नोंदणी कायद्याचे सूत्रही असेच आहे, म्हणून तर आपल्याकडे वकिलाचा सर्च रिपोर्ट लागतो.

निवडणूक आली एकोणिसाव्या शतकात. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळापासून स्थानिक पदे वरून वाटण्याऐवजी लोकांनी भरावीत, या विचाराने जोर धरला आणि राज्यांच्या घटना एकामागून एक बदलल्या. राजधानी वॉशिंग्टनमध्ये मात्र नेमणूकच राहिली. तिथे १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांनी फ्रेडरिक डग्लस यांना रेकॉर्डर नेमले. गुलामगिरीत जन्मलेल्या, कायद्याने स्वतःच कोणाची तरी मालमत्ता ठरलेल्या माणसाच्या हाती शहराच्या मालमत्तेची दप्तरे आली. या पदाचे मोल मला त्या नेमणुकीत सर्वाधिक जाणवते.

दप्तर नसले तर काय होते, ते शिकागोने पाहिले. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत कोर्टाची इमारत जळाली आणि कुक काउंटीची जमिनीची सारी दप्तरे राख झाली. शहर वाचले ते खासगी लोकांमुळे. दस्तांचे गोषवारे काढून विकणाऱ्या तीन पेढ्यांच्या माणसांनी आपल्या वह्या आगीतून बाहेर काढल्या होत्या. कोणाचीच मालिका पूर्ण नव्हती, पण तिन्ही जुळवल्यावर मालकीची साखळी उभी करता आली. १८७२ च्या जळीत दप्तरांच्या कायद्याने त्या वह्या न्यायालयात पुरावा म्हणून चालू लागल्या.

याच काउंटीत हे पद राजकारणाची पायरीही ठरले. कॅरोल मोझली ब्राउन १९८८ मध्ये रेकॉर्डर म्हणून निवडून आल्या आणि १९९२ मध्ये अमेरिकी सिनेटवर निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. त्यांच्या जागी आलेले जेसी व्हाइट पुढे जवळजवळ चोवीस वर्षे इलिनॉयचे सेक्रेटरी ऑफ स्टेट होते. पण म्हणून हे पद केवळ पुढच्या उडीसाठी आहे, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

याचे कारण गृहकर्जांच्या संकटात दिसले. १९९५ मध्ये कर्जउद्योगाने मर्स नावाची खासगी नोंदपद्धत उभारली. कर्ज एका बँकेकडून दुसरीकडे गेले तरी काउंटीत नवी नोंद नाही, शुल्कही नाही. घरजप्तीची लाट आली तेव्हा कर्ज नेमके कोणाचे, हेच अनेकदा सांगता येईना आणि कागद न वाचताच हजारोंच्या संख्येने केलेल्या सह्या उघड झाल्या. मॅसॅच्युसेट्समधील सेलमचे निवडून आलेले रजिस्टर जॉन ओब्रायन यांनी २०११ मध्ये संशयास्पद सह्यांचे दस्त नोंदवायला नकार दिला. वरिष्ठाच्या मर्जीवरच्या नेमणुकीत हे धाडस सोपे नव्हते.

दुसरे ओझे जुन्या खतांतच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असंख्य खतांत, हे घर कृष्णवर्णीयांना विकू नये, अशी अट लिहिलेली आहे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट न्यायालयातून राबवता येणार नाही असे ठरवले. १९६८ च्या कायद्याने ती बेकायदाच झाली. मजकूर मात्र दप्तरात राहिला. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्याने तो शोधून झाकण्याचे काम काउंटी रेकॉर्डरांवर सोपवले, आणि मूळ प्रत जपण्याचेही.

कुक काउंटीत मतदारांनी २०१६ मध्ये स्पष्ट बहुमताने हे स्वतंत्र पद रद्द केले. खर्च वाचेल, हा मुख्य मुद्दा होता. तेव्हाच्या रेकॉर्डर कॅरेन यारब्रो यांचा विरोध होता. २०१८ मध्ये त्या काउंटी क्लार्क म्हणून निवडून आल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये रेकॉर्डरचे सारे काम त्यांच्याच कार्यालयात विलीन झाले. आता तिथे जमिनीची दप्तरे सांभाळायची, तर क्लार्कपदाची निवडणूक लढवावी लागते, आणि उपनगरांतील मतदानाची व्यवस्था, जन्म-विवाहाचे दाखले हेही त्याच खुर्चीकडे असते.